ताण दिलेलं मैदान

अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी शेषूभाऊ खांद्यावर बाभळीची फांदी टाकून यायचा आणि आमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानाच्या फाटकात ती आडवी लावायचा. काटे बाहेरच्या अंगाला. मग विहिरीवरच्या मोटरच्या खोलीला कुलूप घालून किल्ली बंडीच्या खिशात टाकायचा. तिथून पुढे चाळीस दिवस मैदानाला पाणी नाही आणि मैदानावर माणसाचा पाय नाही. पांढुर्ण्याच्या उन्हात आठ दिवसांत गवत पिवळं पडायचं, पंधरा दिवसांत राखेच्या रंगाचं व्हायचं, आणि महिनाभरात काळ्या जमिनीला भेगा पडायच्या. नवखा माणूस भिंतीवरून डोकावला तर म्हणायचा, हे मैदान मेलं.

मेलेलं नसायचं. आमच्याकडे संत्र्याचा बहार धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडतात. पानं सुकतात, काही गळतात, आणि नेमक्या वेळी पाणी सोडलं की झाड फुलानं भरून जातं. याला ताण देणं म्हणतात. तिगावच्या रस्त्यावर शेषूभाऊचा बगीचा होता. बापाकडून जे तो झाडांसाठी शिकला, तेच त्यानं मैदानाला लावलं. "पाणी भेटत राह्यलं का मुळं वरच्या वर लोळत राह्यते," तो सांगायचा. "तहान लागली का खाली जाते. मंग पोरं कितीबी नाचले तरी गवत उपटत नाही." चाळीस दिवसांच्या सुमारास तो रोज सकाळी येऊन सगळ्यात मोठ्या भेगेत तर्जनी घालून पाहायचा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं आणि टोकाला ओल लागली नाही, की मोटर सुरू. तोवर पोरं ओरडोत, अध्यक्ष ओरडोत. "ताण देणं कोणालेबी जमते," तो म्हणायचा, "सोडाचा कधी, ते समजलं पायजे."

दिवाळीनंतर आमच्या स्पर्धा व्हायच्या तेव्हा मोहगावची, सौंसरची, पार नागपूरकडची पोरं बूट काढून त्या गवतावर नुसती चालून पाहायची.

मी या क्लबचा अठरा वर्षं सचिव होतो, आणि शाळेत मास्तर. शेषूभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. हे मी त्याचं कौतुक करायला लिहीत नाही. कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मला त्याचा हेवा वाटायचा. त्या हेव्यापायी मी एक गोष्ट केली, आणि ती आजवर फक्त दोनदा सांगितली आहे. ती सांगायची म्हणजे आधी तो सांगितला पाहिजे.

तो गोलकीपर होता. अंगानं सडसडीत, पण हात फावड्यासारखे. उजव्या हाताची दोन बोटं चेंडू अडवताना मोडून वाकडी जुळली होती. क्लबातले सगळे मला 'सर' म्हणायचे, तो एकटा 'सुध्या'. पोरांसमोर, पालकांसमोर, नगरपालिकेच्या साहेबासमोर सुद्धा, "काबे सुध्या". मला ते लागायचं. आणि ज्या दिवशी तो तसं म्हणायचा नाही, त्या दिवशी तेही लागायचं.

सौंसरच्या फायनलला मी वीस वर्षांचा होतो. त्या हंगामात सगळ्यात जास्त गोल माझे होते. शेषूभाऊ कॅप्टन. मॅचच्या आधी लिंबाखाली बूट बांधत होतो तर म्हणाला, तू बस. मी विचारलं, काऊन? तर म्हणे, "तुले ताण देऊन राह्यलो." सगळे हसले. पूर्ण पहिला हाफ मी रेषेबाहेर संत्र्याच्या रिकाम्या पेटीवर बसून काढला. दुसऱ्या हाफात त्यानं मला उतरवलं तेव्हा मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं, इतका राग होता. मी दोन गोल केले. आम्ही जिंकलो. पोरांनी धावत येऊन उचललं ते त्याला.

बसमध्ये पांढुर्ण्यापर्यंत एकच गोष्ट चालली होती, शेषूभाऊनं सुधाकरला ताण कसा देल्ला. गोल माझ्या पायाचे होते, पण त्या दिवसापासून ते त्याच्या डोक्याचे झाले. उतरताना त्यानं गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "घे बे, तुह्या हाय हा." दुसरा कुणी असता तर त्याला भरून आलं असतं. मला वाटलं, हा माझंच मला दान देऊन राहिला. तो हार मी घरी जाण्याआधी बसस्टँडच्या नळापाशी टाकून दिला.

पुढे आम्ही दोघंही खेळायचं थांबलो. मी शिकलो, नोकरीला लागलो, सचिव झालो. पत्रव्यवहार माझा, सह्या माझ्या, स्पर्धेची पत्रिका माझी. तो दहावीच्या पुढे गेला नाही आणि कधी कुठल्या पदावर बसला नाही. तरी कुठलीही गोष्ट निघाली की लोक विचारायचे, "शेषूभाऊ काय म्हणते?" नवं जाळं आणायचं? शेषूभाऊ काय म्हणते. हाफ-टाइमला पोरांना पाणी द्यायचं की लिंबूपाणी? शेषूभाऊ काय म्हणते. चौकातल्या हॉटेलात तो बसला की न सांगता त्याच्यासमोर चहा यायचा. मला विचारायचे, सर, कट की फुल? एवढ्याशा गोष्टीनं माणसाचा जीव जळतो का? माझा जळायचा. अठरा वर्षांत तो एकदाही मोठेपणानं वागला नाही, हे आणखी वाईट होतं. वागला असता तर मला कुणाशी तरी बोलून मोकळं होता आलं असतं.

आमचा पांढुर्णा जिल्हा होणार अशी चर्चा सुरू झाली तेव्हा क्लबात गॅलरीचा विषय निघाला. मैदानाच्या एकाच बाजूला चार पायऱ्या होत्या, तीनशे माणसं दाटीवाटीनं बसायची. बाकीचे रेषेवर, टेम्पोच्या टपावर, पेट्यांवर. मागच्या स्पर्धेत तर लाइन्समन लोकांच्या पायांवरून पळत होता. मी नकाशा काढला: दोन्ही बाजूंना बारा-बारा पायऱ्या, पाण्याची टाकी, खेळाडूंच्या खोल्या. दोन वर्षं जिल्ह्याच्या गावी, छिंदवाड्याला, खेटे घातले. शेवटी एका कार्यालयातून सांगण्यात आलं की क्लबचा ठराव द्या, आमचा उपयंत्री, म्हणजे इंजिनिअर, जागा पाहील, मग मंजुरी.

ठरावाच्या बैठकीत मी अर्धा तास बोललो. कापडाचे व्यापारी असलेले आमचे अध्यक्ष म्हणाले, वर्षातून दोन स्पर्धा होते सर, बाकी दहा महिने त्या पायऱ्यांवर बकऱ्या बसतीन. कुणी म्हणालं, मैदान सहा पावलं आखडेल. कुणी म्हणालं, आहे ते झाडून होत नाही, आणखी कोण झाडेल. बरीच घासाघीस झाली. आणि मग अध्यक्षांनी, मी ज्याची वाट पाहत होतो आणि ज्याचा मला धाक होता, तेच विचारलं. शेषूभाऊ काय म्हणते?

तो दाराशी बसला होता, खुर्ची रिकामी असून खाली सतरंजीवर. उठला नाही. बसल्या बसल्याच म्हणाला, "वाढवा. सुध्यानं चांगलं काढलं. मैदान मात्र एक पाऊल कमी होऊ देऊ नका, नाल्याकडची पडीत जागा घ्या. अन् खालच्या तीन पायऱ्या बायांच्या."

बायांच्या कशाला, कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, "तीस वर्सं झाले, आपल्या बाया भिंतीच्या बाहीर उभ्या हाय. त्याइले बसाले जागा नाही, म्हणून आपल्याले गर्दी कमी दिसते."

सगळे हात वर गेले. माझ्या नकाशाची गुंडाळी माझ्याच मांडीवर होती.

त्यानं जे सांगितलं त्यात त्याची स्वतःची बायकोही होती. वच्छलावहिनी लग्न झाल्यापासून प्रत्येक मॅच पाहायच्या, पण फाटकाच्या आत कधी आल्या नव्हत्या. तशी रीतच नव्हती. मैदानाच्या मागच्या गल्लीत, पश्चिमेच्या गोलपोस्टमागे, भिंतीला लागून दोन विटा ठेवलेल्या असायच्या. त्यांवर टाचा उंचावून त्या उभ्या राहायच्या. तिथून नवऱ्याची पाठ दिसायची, तीही एक हाफ. बाजू बदलली की तो पलीकडे जायचा आणि भिंतीच्या वळणात दिसेनासा व्हायचा. त्या हसून सांगायच्या, "मी याइची आजलोक अर्धीच मॅच पाह्यली. उरलेली ते घरी येऊन सांगते, थे खरी का खोटी देव जाणे."

दुसऱ्या दिवसापासून गावभर झालं, शेषूभाऊ गॅलरी बांधून राह्यला. भाजीवाला म्हणाला, माझ्या वर्गातली पोरं म्हणाली. रात्रीच्या जेवणाला माझी बायको म्हणाली, "मी तं पहिल्याच पायरीवर बसीन. शेषूभाऊनं बरं केलं." मी ताटावरून उठलो. तिला वाटलं भाजी खारट झाली.

वैशाखात उपयंत्र्याचा फोन आला. भला माणूस होता, बाहेरगावचा, नुकताच बदलून आलेला. म्हणाला, या शुक्रवारी येऊ, की पाऊस पडल्यावर जुलैत येऊ? तुमच्या सोयीनं सांगा. जुलैत आमचं मैदान हिरव्या गादीसारखं असतं. आणि त्या शुक्रवारी मैदानाला ताणाचा तिसावा दिवस होता. शिवाय शुक्रवारी वहिनींच्या भाचीचं मोहगावला लग्न होतं, शेषूभाऊ गावात नसणार होता. हे सगळं मला फोन कानाला असतानाच दिसलं. मी विचार करायला वेळ मागितला नाही. मी म्हणालो, शुक्रवारी या.

मी कुणाला कळवलं नाही. अध्यक्षांना सांगितलं की अचानक आले.

फाटकातली फांदी मी पायानं बाजूला केली. साहेब छत्री घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेला. गवत बुटाखाली कुरकुरत होतं. त्यानं एका भेगेत बुटाचं टोक घालून पाहिलं आणि मला हिंदीत विचारलं, इथं कुणी खेळतं का?

एक वाक्य लागत होतं. साहेब, मैदान ताणावर आहे, पाऊस पडल्यावर येऊन पाहा. त्याला ते कुणी सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि सांगायला तिथे मी एकटा होतो. मी म्हणालो, "गर्मी में बंद ही रहता है." यातलं अक्षरही खोटं नव्हतं. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, मला उसाचा रस पाजला आणि गेला. मी फांदी परत लावली, काटे नीट बाहेर करून.

चार महिन्यांनी पत्र आलं. मैदान नियमित वापरात नाही, जमीन भेगाळलेली आहे, मोठ्या बांधकामाची शिफारस करता येत नाही. पैसा दुसऱ्या गावाकडे वळला. मी ते पत्र बैठकीत वाचून दाखवलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. वर्गात धडा वाचायची सवय असते. वाचून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, मैदान वापरात नाही म्हणजे काय? मग पत्रातली पाहणीची तारीख पाहून त्यांनी शेषूभाऊकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

त्यानंतर गावानं त्याला सोडलं नाही. हॉटेलात कुणीतरी म्हणालं, "भाऊ, मैदानाले ताण देल्ला अन् बहार दुसऱ्या गावात आला." सगळे हसले, तोही हसला. तीन पायऱ्यांची वाट पाहणाऱ्या बायका वहिनींना नळावर टोमणे मारायच्या. पुढच्या बैठकीत चेंडू कोणते घ्यायचे यावर चर्चा झाली आणि कुणी विचारलं नाही की शेषूभाऊ काय म्हणते. तो दाराशी सतरंजीवर बसून होता. आज सगळं सांगायचंच आहे तर हेही सांगतो, की त्या दिवशी मला बरं वाटलं. घरी जाऊन मी दोनदा भात घेतला.

पुढच्या अखाजीला तो फांदी घेऊन आला नाही. मैदान उघडं राहिलं, मोटर रोज चालली, पोरं भर वैशाखात खेळली. सगळ्यांना छान वाटलं. दिवाळीनंतरच्या स्पर्धेत पहिल्याच मॅचला एक पोरगा घसरला आणि त्याच्या बुटाबरोबर भाकरीएवढं गवत उपटून आलं. शेषूभाऊ रेषेबाहेर उभा होता. तो आत गेला, गवताचा तो तुकडा उचलून जागेवर बसवला, पायानं दाबला, आणि परत येऊन उभा राहिला.

त्याच महिन्यात एका रविवारी तो माझ्या घरी आला. पिशवीत बगीच्यातली संत्री होती. बराच वेळ शाळेचं, पोरांचं बोलला. मग म्हणाला, "सुध्या, तू दोन वर्सं छिंदवाड्याच्या चकरा मारल्या. माह्या ताणानं तुह्यी गॅलरी गेली. मी तथी असतो तं साहेबाले समजावून सांगतलं असतं, पण लग्नात जाऊन बसलो. तुले तोंड दाखवाची शरम वाटते बे."

माझी बायको स्वयंपाकघरात होती. खोलीत आम्ही दोघंच. त्याच्या वाकड्या बोटांत संत्रं होतं आणि तो ते सोलत होता. मला आठवतं की मी त्या सालाकडे पाहत होतो, ते एकसंध निघतं की तुटतं. तुटलं नाही.

मी म्हणालो, "जाऊ दे ना भाऊ. झालं थे झालं. माह्या मनात काही नाही."

मी त्याला माफ केलं. त्यानं अर्धं संत्रं माझ्या हातात दिलं, आणि मी ते खाल्लं. गोड होतं.

पौषात एका सकाळी बगीच्यात पाण्याचा दांड बांधताना तो बसला, आणि उठला नाही. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. सौंसर, मोहगाव, तिगाव, सगळीकडची माणसं आली. मैदानावरून नेताना पोरांनी फाटक सताड उघडं ठेवलं होतं. शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, सर, तुम्ही त्याइच्या सगळ्यात जवळचे, दोन शब्द बोला. मी वीस मिनिटं बोललो. ताणाबद्दलही बोललो. लोक रडले. शेवटी असं ठरलं की गॅलरीसाठी नव्यानं अर्ज करायचा आणि तिला त्याचं नाव द्यायचं. अर्ज लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी कागद घेऊन बसलो, आणि 'मैदान नियमित वापरात आहे' एवढं लिहून पुढे मला एक ओळ लिहिता येईना.

यंदा अखाजीच्या दुसऱ्या दिवशी फांदी मी तोडली. सवय नाही, तळहात फाटला. पण मोटरची खोली वर्षभर उघडीच होती, आणि कुलपाची किल्ली त्याच्या बंडीच्या खिशात राहिली होती. म्हणून वहिनींकडे गेलो. त्या अंगणात खाटेवर धोतर पसरून कुरड्या घालत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोन, शुक्रवार, साहेबाचा बूट, माझं ते हिंदीतलं वाक्य. त्यांचा हात थांबला नाही. एक ओळ पुरी झाली, दुसरी सुरू झाली.

मग म्हणाल्या, "त्याइले सांगतलं होतं?"

नाही म्हणालो.

"तुमच्या घरी आले होते ना, संत्रे घेऊन?"

हो म्हणालो.

"तईबी नाही?"

"तईबी नाही."

त्यांनी सोऱ्या खाली ठेवला. "त्या दिवशी घरी येऊन लय दिसानं पोटभर जेवले. म्हणे, सुध्याच्या मनात काही नाही." मग आत गेल्या, किल्ली आणून माझ्या हातात न देता खाटेच्या कडेवर ठेवली. "घेऊन जा. पाणी कधी सोडाचं, थे मले इचाराले या."

पुढच्या आठवड्यात बैठकीत हे सगळं मी कागदावर लिहून नेलं आणि वाचलं. या वेळी आवाज हलला. खाली सचिवपदाचा राजीनामा होता.  अध्यक्षांनी टेबलावरची धूळ बोटानं पुसली आणि म्हणाले, साहेबाले जुलैतच बोलवू. गॅलरी वाढवावी की नाही, यावर पुन्हा मतं घ्यायचं ठरलं आहे. आता पुन्हा बकऱ्यांचा मुद्दा निघाला आहे, आणि मंजुरी मिळेलच असंही नाही. बैठकीत मला आता मत उरलेलं नाही. असतं तर हेच म्हणालो असतो की वाढवा, मैदान एक पाऊल कमी करू नका, खालच्या तीन पायऱ्या बायांच्या. त्याचंच वाक्य. त्याच्याहून बरं मला सुचत नाही, आणि आता त्याचं वाईटही वाटत नाही.

काल ताणाला चाळीस दिवस झाले. मी सकाळी जाऊन वहिनींना घेऊन आलो. फांदी बाजूला केली. त्या फाटकापाशी क्षणभर थांबल्या, चपला काढल्या आणि आत आल्या. तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. सरळ पश्चिमेच्या गोलपोस्टकडे गेल्या आणि दोन खांबांच्या मध्ये, तो जिथे उभा राहायचा तिथे, तोंड पलीकडच्या गोलाकडे करून उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहत होत्या. "इथून तं सगळंच दिसते," एवढंच म्हणाल्या.

मग खाली बसून त्यांनी भेगेत बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. माझ्या मुठीत किल्ली होती, घामानं ओली. त्यांनी बोट बाहेर काढून अंगठ्यावर घासून पाहिलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "अजून ओल हाय. थांबा."

त्या गेल्यावर मी फांदी पुन्हा फाटकात आडवी लावली, काटे बाहेरच्या अंगाला. किल्ली खिशात टाकली आणि बाहेरच उभा राहिलो.